हातातून घेतलेला माईक

पुणे

बाबा, लुंबिनीचा जयभीम.

मी बरी हाय. आईचा गुडघा कसाय?

काल मी वर्गात ‘डिस्कर्सिव्ह’ हा इंग्रजी शब्द शिकवला. एक अर्थ, विषय सोडून भरकटणारं बोलणं. दुसरा, विचाराची एकेक पायरी चढत निष्कर्षाला पोचणारं. भरकटण्याचं उदाहरण म्हणून सुगतदादाच्या लग्नातलं तुमचं भाषण सांगितलं. आधी कंधारची एसटी, मग गावची विहीर, मग आजीची टोपली. पोरं लई हसली. एकीनं विचारलं, “मॅडम, शेवटी ते कुठं पोचले?”

टोपलीपाशी आला तवाच चारचौघांत तुमच्या हातातून माईक मीच काढून घेतला होता.

लाज वाटून राहिली, बाबा. टोपलीच्या पुढं काय होतं? सावकाश लिहा. मधी बोलणार न्हाई.

तुमची लुंबिनी