सारख्या वजनाचे दोन डबे

९ जानेवारी, गुरुवार

अर्ज गेला! प्रायोगिक मानसशास्त्र, पीएच.डी., मनिला. वयाच्या रकान्यात बावन्न लिहिताना हात अडखळला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. सोबत माझा स्वतःचा प्रयोग जोडलाय. कुणी शिकवलेला नाही. एम.ए.सुद्धा टपालाने केलं, मास्तरांचं तोंड न बघता.

प्रयोग साधा. दोन डबे – एक मोठा, एक छोटा, वजन दोघांचं अगदी सारखं. उचलून सांगायचं, जड कुठला. सगळीकडे माणसं छोट्यालाच जड म्हणतात. डोळा हाताला फसवतो. हे पुस्तकांत जुनंच आहे. माझं म्हणणं पुढचं – ज्यांचा हात रोज वजन करतो, त्यांचा हात फसत नाही. तीनचाकीवाले सगळे फसले. आमच्या इलोइलोच्या मासळीबाजारातल्या बायका? एक पेनिंग सोडली तर सगळ्याजणी म्हणाल्या, "सारखं!"

डब्यांत शिसं मी स्वतः मेणात बसवलंय. हलवले तरी आवाज नाही. असे डबे मनिलाच्या प्रयोगशाळेतही नसतील.

आनंद सांगायला खाली उतरलो. खाली माझंच दुकान, दुरुस्तीला आलेले वजनकाटे. बातचोयचा, म्हणजे शेवयांच्या सूपचा, वाडगा एकट्यानेच संपवला.

१६ जानेवारी

डॉ. अर्सियागांची मेल! विभागाच्या प्रमुख. "मिस्टर पालमारेस, असा निकाल मी कित्येक वर्षं शोधते आहे. तुमची मुलाखत घ्यायला आवडेल." पुन्हा पुन्हा वाचली.

तोयांगला सांगितलं. कोपऱ्यावरचा मासळीचा ओटा तिचा; मला नोंग, म्हणजे दादा, म्हणते. म्हणाली, "नोंग गानी, डॉक्टर झालात की पहिल्यांदा माझ्या गुडघ्याचं बघा!" तसला डॉक्टर नव्हे, हे समजावलं. "मग कसले हो डॉक्टर? गुडघ्यातलं कळत नाही आणि म्हणे डॉक्टर!" आजूबाजूच्या सगळ्या खिदळल्या. मी हसलो नाही. या शहरात दोन शब्द बोलण्याजोगं कुणी नाही.

२६ जानेवारी, रविवार

दिनाग्यांगच्या जत्रेचे ढोल. सगळं शहर रस्त्यावर. मी वर, खिडकी लावून.

२८ जानेवारी

मुलाखतीत विचारलंच तर पुरावा पक्का हवा, म्हणून डब्यांची नवी जोडी केली. हिच्यात छोटा डबा खरोखरच जड – चांगला दुप्पट. झोपेतही कळेल.

तोयांगने उचलले. "सारखं, नोंग!"

पेनिंगने उचलले. "सारखं!"

तिसरीने तर हात लावायच्या आधीच सांगून टाकलं.

२९ जानेवारी

तोयांगला विचारलं. ओशाळलीसुद्धा नाही. "अहो, डबे सारखे आहेत हे तुम्हीच नाही का पेनिंगला दाखवलंत? तिने आम्हाला सांगितलं. आम्ही भलतंच काही बोललो असतो तर तुम्ही नापास झाला असता!"

"परीक्षा माझी नव्हती. तुमची होती."

"आमची कसली परीक्षा? आम्ही कुठे अर्ज केलाय?"

खरं आहे. पेनिंग सगळ्यांत पहिली आली होती. म्हणाली, छोटा जड. मला राहवलं नाही – दोन्ही डबे काट्यावर ठेवून तिला दाखवले. काय ती माझी ऐट! प्रयोग संपेपर्यंत गुपित फोडायचं नाही, हे कुठल्याही पुस्तकात पहिल्या प्रकरणात असतं. मी ते प्रकरण पाठ केलंय!

३ फेब्रुवारी

गप्प बसलो तर? नवी जोडी मनिलात कुणाला ठाऊक आहे? डॉ. अर्सियागांना मी हवाय तो त्या निकालासाठीच. निकाल गेला की मी कोण – काटे दुरुस्त करणारा.

डबे चुलीत घालावेसे वाटले. घातले नाहीत. चांगले झालेत.

१८ फेब्रुवारी

मुलाखत. संगणकावर. मागचे काटे दिसू नयेत म्हणून चादर टांगली होती, ती मधेच एका बाजूने सुटली.

डॉ. अर्सियागा म्हणाल्या, "निकालापासून सुरुवात करू या."

मी म्हणालो, "निकाल खोटा आहे, मॅडम."

मग सगळं सांगितलं. पेनिंग, काटा, नवी जोडी. मॅडमच्या शेजारचे परीक्षक हसू दाबत म्हणाले, "म्हणजे सबंध बाजाराने तुम्हाला कॉपी पुरवली!" डॉ. अर्सियागांनी एवढंच विचारलं – "ही दुसरी जोडी करायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"कळवू."

संपलं. चादर पुन्हा टांगली. कशाला, कोण जाणे.

१९ फेब्रुवारी

तोयांगला सांगायला नको होतं.

"आम्ही खोटं बोललो, असं सांगितलंत? मनिलाच्या माणसांना?"

"नावं नाही सांगितली."

"नावं नाही म्हणे! बाजार तर एकच आहे ना, नोंग?"

मासा गुंडाळून पुढे सरकवला. साफ करून दिला नाही. एरवी न सांगता देते.

५ मार्च, राखेचा बुधवार

चर्चमध्ये तोयांग, पेनिंग, सगळ्या पुढच्या बाकावर. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. शेजारच्या बाकावर जागा होती, तरी मी दाराशी उभा राहिलो.

१२ मार्च

या आठवड्यात बाजारातून एकही काटा दुरुस्तीला आला नाही. मासे साफ करायला शिकतोय. अंगठा कापला.

२१ मार्च

प्रवेश मिळाला! ऑगस्टपासून. अट एकच. जशीच्या तशी उतरवतो – "आधीच्या प्रयोगातील मासळीविक्रेत्यांचे प्रयोगकर्त्याशी निकटचे संबंध असल्याने त्यांची उत्तरे ग्राह्य धरता येत नाहीत. प्रयोग अनोळखी व्यक्तींवर नव्याने करावा."

निकटचे संबंध. समितीने शिक्का मारून लिहिलंय.

मनिलात मला एकही माणूस ओळखत नाही. प्रयोग उत्तम होईल.