हायातेचं पिल्लू

८ नोव्हेंबर

चिरंजीव योशिहारु यास ताईचे आशीर्वाद.

इकडे डोंगरात थंडी उतरली. मुळे ओसरीवर वाळत टांगलेत. माझी कंबर दुखते, पण तिचं तेच काम आहे. 'तुम्ही दोघं खुशाल असाल' असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? त्याचं मागाहून.

आधी तुझ्या पत्राचं उत्तर. शिनो माजावर आलीय, तिला हायातेकडे कधी आणू, असं विचारलंयस. आणू नकोस. हायाते आता कुठल्याच कुत्रीच्या कामाचा राहिला नाही. गेल्या महिन्यात मी त्याला खच्ची करून घेतलं.

हं, आपट तो चहाचा पेला. आपटून झाला की पुढे वाच.

बाबांच्या कुत्र्यांचा वंश माझ्या हातून संपला, हे मला कळतं रे. रानडुकरासमोर पाय रोवून उभी राहणारी ती जात आता या खोऱ्यात दुसरीकडे कुठे नाही. हायातेच्या पिल्लाची तू किती वाट पाहिलीस, नावसुद्धा ठरवून ठेवलंस, तेही ठाऊक आहे. पण शिनो दोनदा रिकामी राहिली तेव्हा आपण काय केलं? तिलाच नावं ठेवली. "वांझ आहे मेली" म्हणून तू तिला विकायला निघाला होतास! नराकडे बघायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. एवढा देखणा, छाती काढून चालणारा नर, त्याच्यात काय खोट असणार?

मग वसंतात तो बसेल तिथे रक्ताचा थेंब पडायला लागला. शी करताना कण्हायचा आणि वळून माझ्या तोंडाकडे बघायचा. नदीपलीकडच्या ताबाता डॉक्टरीणबाईंकडे नेला. पोरगी तरुण आहे, पण हात धीट. हातमोजा चढवून मागून बोट घातलं आणि म्हणाली, "आजी, प्रोस्टेट सुजून मुठीएवढी झालीय." त्याचं बीज काचेवर घेऊन यंत्रातून मलाही दाखवलं. रक्त आणि पू. जिवंत वळवळ अगदी नावाला. "कुत्री बिचारी काय करणार?" म्हणाली.

गोळ्यांवर उन्हाळा निभावला. पावसाळी हवा सरली आणि पुन्हा रक्त. तेव्हा तिने स्पष्टच सांगितलं, "गोळ्या वाढवून बघू. नशिबात असेल तर एखादं पिल्लू मिळेलही. पण आत पू साठला तर कुत्रा जाईल. वंश हवा की कुत्रा, ते तुम्ही ठरवा."

मी म्हटलं, "काप, बाई."

घरी येऊन बाबांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आणि पोटभर रडले. आता तो चहाच्या पाण्यात शिजवलेली भाताची पेज वाटी चाटूनपुसून खातो. कुंपणापाशी पाय वर करून अशी धार सोडतो की शेजारीण ओरडते. ओरडू दे.

योशि, बाबा बांबूच्या बेटात जाऊन शीळ घालायचे, आठवतं? जायचे लघवीला आणि कितीतरी वेळ शीळच ऐकू यायची. "बाबा बांबूला गाणं शिकवतायत," म्हणून आपण खिदळायचो. धार लागत नव्हती, ते लपवायला ती शीळ होती. आईलासुद्धा कळू दिलं नाही त्यांनी. दवाखान्यात नेलं तोवर दुखणं हाडांत पोचलं होतं.

कायोचा फोन आला होता.

तिच्यावर ओरडलास तर गाठ माझ्याशी आहे. तू संडासात नळ सोडून बसतोस म्हणे. अरे, तितका वेळ कुणी हात धूत नाही, एवढं बायकोला कळतं. रक्ताचे कपडे स्वतः धुतोस, तेही कळतं. डॉक्टरांनी मोठ्या तपासणीला बोलावलं तर तू म्हणतोस, "शिकारीचा हंगाम होऊ दे." आणि वर तिला ऐकवलंस, "पुरुष म्हणून जगलो, पुरुष म्हणूनच मरेन."

गाढवा! मरण्यात कसला आलाय पुरुषार्थ? तुझं काय कापतील, मुळात कापतील की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. आधी बघू तर दे त्यांना. साठी उलटलेला माणूस तू, लहान होतास तेव्हा गुडघा फुटला तरी मला येऊन दाखवायचास.

हायातेला लाज नाही. तो माझ्यासमोर कण्हला, म्हणून वाचला.

मला भीती वाटते, योशि. आई-बाबांना मी पोचवलं, नवऱ्याला पोचवलं. तुला पोचवायला मी जगलेली नाही.

मंगळवारी पहिल्या बसने येते. मोहरीच्या पानांत गुंडाळलेले भाताचे गोळे आणते. तपासणीआधी खायची मनाई असेल तर नंतर खा. बंदूक कुलपात ठेव. शिनोला विकू नकोस, तिचा काहीच दोष नव्हता. आणि नळ बंद करून, बूट घालून दारात उभा राहा.

तुला पाठुंगळीला मारून शाळेत नेणारी, वेळ पडली तर या कमरेनेही दवाखान्यात नेईल अशी,
तोमिए ताई