पाच दहाची गाडी

३ मार्च
हे आज पुन्हा साडेसहाला घरी! तोंड धुतलेलं, केस विंचरलेले. दुपारी दोनला सुटलेली रेल्वेगाडी हाकून आलेला ड्रायव्हर इतका टापटीप? म्हणे, "अगं, गाडीच सहा दहाला पोचते." कुठंतरी पाणी मुरतंय.

५ मार्च
माळ्यावरून बाबांची ड्यूटीची वही काढली. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, अक्षर अजून तसंच टपोरं. तेही ड्रायव्हरच; हीच गाडी, हाच मार्ग, तीस वर्षांपूर्वी. सुटली २.००, पोचली ५.१०. रोज! ते धूर ओकणारं इंजिन तीन तास दहा मिनिटांत येणार आणि आताच्या नव्याकोऱ्याला चार तास दहा? मी काय दूधखुळी आहे? बाबा सरळ माणूस. त्यांच्या वहीत खोटं असायचं नाही.

६ मार्च
वही यांच्यापुढे ठेवली. हसले! "आता थांबे वाढले, जागोजागी वेग कमी करायचे बोर्ड लागले. वर वेळापत्रकातच जास्तीची वेळ घालून ठेवलीय, म्हणजे उशीर दिसायला नको. लवकर आलो तर सिग्नलबाहेर उभं राहायचं."
उत्तर कसं तोंडपाठ! तेच जास्त खटकलं.

७ मार्च
डबा अर्धा परत आला. कुठं जेवले?

१० मार्च
मावशीकडे जाते म्हणून निघाले ती बसने थेट गाडी सुटते त्या टोकाला. यांच्याच गाडीत मागच्या डब्यात बसले — चोरासारखी! पाच पंचवीसला गाडी गावाबाहेर वळणावर उभी राहिली. चाळीस मिनिटं! वळणामुळे पुढचं इंजिन स्वच्छ दिसत होतं. हे खिडकीतून वाकले, बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलं, केसांवरून कंगवा फिरवला. शेजारची बाई म्हणाली, "रोजचंच आहे हो."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी यांच्यामागून पोचले. "मावशी कशी आहे?" "बरी आहे." शेवटी खोटं बोलले ती मीच.

११ मार्च
राहवलं नाही. आईला फोनवर सगळं सांगून टाकलं. ती खूप हसली. "वेडे, ड्रायव्हरच्या बायकोने घड्याळ बघायचं नसतं. तुझे बाबा कधी साडेसातच्या आत घरी आलेत? रखडायच्याच गं तेव्हा गाड्या."
फोन ठेवला. वही पुन्हा उघडली. ५.१०. ५.१०. ५.१०. अकरा वर्षं.
तेव्हा आमचं रेल्वे क्वार्टर स्टेशनच्या भिंतीलाच लागून होतं.