बेट, सीप्लेन आणि घरचा काटा

१ मार्च
लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. बायकोला बेटावरचा किल्ला दाखवणार, सीप्लेनने. फॉर्मवर वजन विचारलंय. घरच्या काट्यावर मी ७९. तेच लिहिलं. मी खोटं लिहीत नाही. बायको याच काट्यावर ४६ भरते, पण म्हणाली ५४ लिहा. तिला उगाच कमीपणा घ्यायची सवय. काटा रिकामा असतानाही शून्याच्या मागे असतो. जुना आहे, चालायचंच.

४ मार्च
आजपासून रोज चालणे. किल्ल्याचा इतिहासही पाठ करतोय. गाइड नको, बायकोला सगळं मीच सांगणार. तोफांपासून सुरुवात केली. म्हणाली, अहो, बेटासाठी काही शिल्लक ठेवा.

९ मार्च
चाललो नाही. बुटाची लेस.

१५ मार्च
टिपणांची चाळीस पानं झाली. चालणं एक दिवस. तरी वजन ७९च. म्हणजे मेन्टेन केलंय.

२० मार्च, सकाळी ८
धक्क्यावर माणसांचंही वजन करतात. माझं ८७. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. त्यांनी बायकोला उभं केलं. बरोबर ५४.
बूट काढले, दुर्बीण ठेवली. पायलट म्हणाली, विमानाची वजनाची मर्यादा भरलीय, दोघांपैकी एकालाच नेता येईल. मी बायकोकडे बघितलं. तुम्हीच जा, असं ती म्हणणार, म्हणून नकार तयार ठेवला. म्हणाली, कॅमेरा द्या.
टिपणांची फाइल नको म्हणाली. जड आहे.

८.४०
विमान उडालं. सहज उडालं.

दुपारी ४
आली. तिथल्या गाइडने म्हणे दहा मिनिटांत सगळं सांगितलं. मग ही तासभर तटावर बसून राहिली. किती शांत होतं हो, हे तीनदा सांगितलं.

२१ मार्च
काटा उलटा करून बघितला. खाली छोटं चाक आहे. विचारलं. सहा वर्षांपूर्वी डॉक्टर वजनावरून बोलले, तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, म्हणून मीच फिरवलं, म्हणाली.
सहा वर्षं. स्वतःच्या घरात. म्हटलं, हा विश्वासघात आहे. म्हणाली, मग आणा शून्यावर.
आणला. उभा राहिलो. ८८.
ती स्वयंपाकघरात गेल्यावर चाक पुन्हा होतं तिथे नेऊन ठेवलं. एवढं मायेने केलेलं, तिला वाईट वाटायला नको.