उभा लावलेला दगड

ता. ९ मार्च, रविवार, सकाळ

चि. धाकट्यास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालतो. अकरा वर्षांनी पत्र लिहिणाऱ्याने असं काही धरून चालावं की नाही, ठाऊक नाही. पण पत्राची दुसरी सुरुवात मला कुणी शिकवलेली नाही.

माझं अक्षर बघून तू पाकीट बाजूला टाकशील, म्हणून वरचा पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतलाय. तो तिच्याचकडे होता! शिवणाच्या डब्यात, बटणांखाली. तुझ्या मुलीचे सहा फोटोही निघाले. एकात पुढचे दात पडलेले, दुसऱ्यात आलेले. इतकी वर्षं ही बाई बारीकसारीक गोष्टींवरून माझ्याशी नेटाने भांडत होती आणि बटणांखाली तुमचं अख्खं घर ठेवून बसली होती. मी चिडलो, तर म्हणते, "तुम्ही कधी विचारलंत?"

तब्येत ठीक. गुडघे तेवढे संपावर गेलेत. डॉक्टरीणबाईंनी सपाट जमिनीवर रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. सपाट जमीन म्हणजे बाग, आणि बाग म्हटली की किल्ला आलाच. मी म्हटलं, रस्त्यानेच चालू. वहिनी म्हणाली, "रस्त्यावर गाड्या येतात अंगावर. किल्ला काय करणार आहे तुम्हाला?" सगळं माहीत असून असं विचारायची तिची जुनी खोड.

तर गेल्या महिन्यात एका मंगळवारी गेलो. खंदकात आता गवत वाढवलंय, पोरं त्यावरून घसरत खाली जातात. तळ्यात बदकं सोडलीत. पडक्या बुरुजाच्या सावलीत आइस्क्रीमची गाडी असते. किल्ला तेवढाच पडका आहे, ना कमी ना जास्त. दोन वर्षं खपून आपण तो 'आणखी पडू नये' इतकाच दुरुस्त केला होता. "दादा, आपण पडकेपणाचे गवंडी," असं तू म्हणायचास ते आठवलं आणि एकटाच हसलो.

मग आपण दुरुस्त केलेली कमान दिसली. तिला परांची बांधलीय. एका बाजूचे दगड काढून, खडूने आकडे घालून, दोरीच्या आत गवतावर मांडून ठेवलेत. देखरेखीला एक तरुण इंजिनीयर बाई आहे. तुझ्या वहिनीने तिला लगेच सांगून टाकलं, "हे इथलेच जुने गवंडी." बाई खूश झाली. सतरा नंबरच्या दगडापाशी मला घेऊन गेली. त्याचा दर्शनी भाग जुन्या वहीची पानं सुटावीत तसा सुटला होता. दोघा माणसांनी तो उलटला. मागच्या अंगावर गवंड्याची खूण कोरलेली होती.

बाबांनी शिकवलेलं तुला सांगायला नको, तरी मला ते एकदा हाताने लिहू दे. दगड खाणीत जसा आडवा निजलेला असतो, तसाच भिंतीत निजवायचा. उभा केला की पाणी थरांत शिरतं आणि पापुद्रे सुटतात. आणि खूण कोरायची ती वरच्या अंगावरच, म्हणजे वरची बाजू कुठली हे विसरायला होत नाही. तेव्हा आपल्या दोघांपैकी कुणाची खूण दगडाच्या पाठीवर सापडली, याचा अर्थ एकच. दगड उभा लावला होता.

तुझी खूण कोंबडीच्या पावलाची. ही त्रिकोणाची होती.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. धाकट्या, ती खूण बघायला मला वाकायचीही गरज नव्हती. मला सगळं आधीपासून माहीत होतं. कमान लोकांना खुली करायला दोन दिवस उरले होते. त्या खाचेला दगड चार बोटं कमी पडत होता, उभा केला की बरोबर बसत होता. तू खाली चुना कालवत होतास. तिथून ओरडलास, "दादा, उभा लागतोय तो!" मी म्हटलं, "मला शिकवू नकोस." तू पुन्हा चुन्याकडे वळलास. तिसऱ्या कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात हातभर पापुद्रा खालच्या बाकावर पडला. तिथे बसलेल्या आजीबाई नुकत्याच उठल्या होत्या, म्हणून निभावलं. कामावरच्या साहेबांनी सगळ्या टोळीला शेडमध्ये उभं करून विचारलं, हा दगड कुणाचा? तीस वर्षांत माझा एक दगड सुटला नव्हता. नाव जाईल म्हणून मी घाबरलो आणि म्हणालो, "धाकट्याचा. त्याचा हात घाईचा आहे." तू एकदाच माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "असेल."

त्या एका शब्दावर मी अकरा वर्षं काढली. 'त्याने स्वतः कबूल केलं,' असं लोकांना सांगत फिरलो. तुला गावात कुणी दगडाला हात लावू दिला नाही, तू परगावी न्हाणीघरांच्या फरश्या बसवायला गेलास. तू का गप्प राहिलास, हे वहिनीला आता विचारलं. ती म्हणाली, "बाबांच्या मागे तुम्हीच त्याचे बाबा. बापाला चारचौघांत कोण खोटं पाडतं?"

तर त्या मंगळवारी इंजिनीयर बाईंनी विचारलं, "आजोबा, कुणाची खूण असेल ही?" मी म्हणालो, "माझी." बाईंना ते ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा इतक्या जोरात म्हणालो की आइस्क्रीमवाल्याने मान वळवली. मग तुझ्यावर खापर कसं फोडलं तेही सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, मी खाली सही केली. त्याची प्रत सोबत आहे. ती तुझी आहे. भिंतीला लाव नाहीतर फाडून टाक. जुन्या टोळीतले तिघे अजून चहाला जमतात, त्यांनाही सांगितलं. एक जण चहा तसाच ठेवून उठून गेला. मला राग आला नाही.

बाईंची माणसं नकाशा वाचतात, पण दगड वाचणारा त्यांच्याकडे कुणी नाही. मी बघू शकतो, परांचीवर चढू शकत नाही. तरी स्टुलावर बसून चार दिवसांत नवा दगड घडवला. आडवाच बसेल असा. चार बोटं कमी पडतात तिथे त्याच्याखाली एक पातळ दगड घालायचा. तेव्हाही एवढंच करायचं होतं रे. पातळ दगड घडवायला एकच दिवस लागला.

नव्या दगडावर खूण कोरलेली नाही. मी कोरणारही नाही. ती जागा तुझी आहे. महिनाअखेरपर्यंत थांबायला बाई तयार आहेत. आलास तर छिन्नी आणू नकोस, तुझी जुनी माझ्याकडे आहे. धार लावून ठेवलीय. मुलीला घेऊन ये, खंदकात घसरू दे तिला मनसोक्त. नाही आलास तर दगड बिनखुणेचाच बसेल, आणि मी तुला बोल लावणार नाही. ते काम मी एकदा पोटभर करून चुकलोय. पण ये. वहिनीने मागची खोली आवरायला घेतलीय, आणि मी तिला थांब म्हटलेलं नाही.

आशीर्वाद वर लिहिलेच आहेत. मोठ्याने धाकट्याला नमस्कार लिहायची रीत नाही. तरी लिहितो. नमस्कार.

तो दगड उभा लावणारा,
तुझा दादा