चोवीस एकर आणि एक बिडाचा तवा

मी, झिपोरा हॅरल टॉलिव्हर, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार शायलो क्रीक, राज्य अलाबामा, हे माझ्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्याशी पंधरा मिनिटे वाद घालून पाहावा. मी हे कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणण्याचा शेवटचा प्रयत्न १९६५ साली मतनोंदणीच्या एका कारकुनाने केला होता. तासाभराने त्याने स्वतःच मला बसायला खुर्ची दिली.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. ही माझ्या आयुष्यातील मोठी लाज आहे. ती पहिल्याच कलमात लिहिते, म्हणजे पुढे कोणी ती शोधून काढल्याचा आव आणणार नाही.

चाळीस वर्षे मी या जिल्ह्यातल्या प्रत्येक चर्चमध्ये एकच गोष्ट सांगत आले आहे: मरण्याआधी लिहून ठेवा. माझ्या आजोबांची एकशे वीस एकर जमीन होती. गुलामीत जन्मलेल्या माणसाने कापूस वेचून घेतलेली जमीन. त्यांचा कोर्टावर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी कागद केला नाही. जमीन एकतीस वारसांची झाली. क्लीव्हलंडला गेलेल्या एका चुलतभावाने आपला हिस्सा लाकूडवाल्याला विकला, लाकूडवाला कोर्टात गेला, आणि कोर्टाने सगळीच्या सगळी लिलावात काढली. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी राहून मी ऐकले की आमच्या झऱ्याचे, आमच्या कबरींचे आणि आमच्या पेकन झाडांचे मिळून एकच मोल झाले. त्या दिवशी मला कंठ फुटला, तो अजून बसलेला नाही.

कलम २. माझी मुलगी व्हर्नेल हिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. ती कमी बोलते आणि वेळेवर येते. हे दोन्ही गुण तिला वडिलांकडून मिळाले आहेत.

कलम ३. माझी सर्व पुस्तके शाळेच्या वाचनालयाला द्यावीत. समासात मी जे लिहिले आहे ते खोडू नये. रोमन कायद्याच्या इतिहासात पान दोनशे बारावर मी लेखकाला मूर्ख म्हटले आहे. ते मत मी मागे घेत नाही.

कलम ४. पाच पौंड साखरेची एक नवी पिशवी आमच्या चर्चचे सेवक, डीकन ऑर्विल पिकेन्स यांना द्यावी. माझा मक्याचा पाव खाऊन, चार माणसांत, "सिस्टर टॉलिव्हर, थोडी साखर पडली असती तर!" असे ते म्हणाले होते. डीकनसाहेबांनी ती साखर चहात घालावी, केकमध्ये घालावी, हवी तर कणसावर भुरभुरावी. आमच्या घरच्या पावात पांढऱ्या मक्याची भरड, ताक, अंडे, मीठ, सोडा आणि बेकनची चरबी असते. गहू नाही आणि साखर नाही. मका मुळातच गोड असतो. ज्याला ती गोडी लागत नाही त्याने जिभेवर इलाज करावा.

कलम ५. जमीन आणि तवा. हे कलम लांब आहे. व्हर्नेल, वाचताना पाणी जवळ ठेव.

मी राहते ते घर आणि त्याभोवतीची चोवीस एकर जमीन माझी आई लुडी हॅरल हिने १९५३ साली घेतली. आई मार्च १९८१ मध्ये वारली. तिनेही कागद केला नाही. कायद्याने जमीन आम्हा दोघी बहिणींची झाली, निम्मी माझी, निम्मी माझी थोरली बहीण ओझेला क्रेनशॉ हिची. तेव्हाच दोघींनी बसून सही केली असती तर दहा मिनिटांचे काम होते. पण आम्ही बसलो नाही, कारण आईच्या अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी मी पाहिले, तर शेगडीवर तवा नव्हता.

तो बिडाचा तवा आईच्या आईचा. दांड्याचा, खोलगट, आतून काळ्या आरशासारखा. आईने आयुष्यभर रोज संध्याकाळी त्यात पाव भाजला. तवा ओझेलाच्या घरी आहे हे मला आठवड्याने कळले. मी विचारले नाही. तिने सांगितले नाही. न बोलता अकरा वर्षे गेली.

मग १९९२ चा ऑगस्ट आला. दर वर्षी दुसऱ्या रविवारी, बाहेरगावी गेलेली सगळी माणसे आमच्या चर्चला परततात. त्या दिवशी भाषण माझे होते. विषय होता वारसा. मी म्हणाले, "या छपराखाली एक बाई बसली आहे. आईच्या कबरीवरची माती ओली असताना तिने आईच्या चुलीवरचे भांडे पळवले. लाकूडवाल्याला नावे ठेवू नका. चोर घरातच जन्मतो." नाव घेतले नाही. गरज नव्हती. अडीचशे माना एकाच बाजूला वळल्या. ओझेला उठली, पर्स घेतली आणि निघून गेली. बाहेर झाडाखालच्या जेवणाच्या टेबलावर तिने आणलेला पाव तसाच राहिला. तिच्या भीतीने की माझ्या, कोणीही त्याला हात लावला नाही. ती त्या चर्चची पायरी पुन्हा चढली नाही. तिचे घर माझ्या घरापासून चार मैलांवर आहे.

यंदा जूनमध्ये मी वकील रेनिटा बॅस्कम हिच्याकडे गेले. ही माझीच विद्यार्थिनी. सहावीत तिला अपूर्णांक येत नव्हते.

मी म्हणाले, "लिही. चोवीस एकर व्हर्नेलला."

ती म्हणाली, "मिस झिपोरा, तुमच्या नावावर निम्मीच आहे."

"घरपट्टी तीस वर्षं मी भरतेय."

"भरा ना. निम्मीच आहे. एक छेद दोन. तुम्हीच शिकवलंत."

मग ती खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "तुमच्या बहिणीचा नातू डेमेट्रियस, ह्यूस्टनचा, त्यानं इथे फोन केला होता. आजीचा हिस्सा एका लाकूड कंपनीला विकायचाय त्याला. कागद तयार आहेत. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला येऊन आजीची सही घेणार आहे. पुढे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको."

अख्ख्या जिल्ह्याला जे सांगत फिरले ते माझ्याच घरात घडणार होते.

"तिला बोलवा," रेनिटा म्हणाली. "जमिनीचं विश्वस्त मंडळ करू. दोघी आपापला हिस्सा त्यात घाला. मग कोणालाच एकट्यानं विकता येणार नाही."

"ती येणार नाही."

"का?"

"मी तिला चोर म्हटलंय."

"किती जणांसमोर?"

"अडीचशे."

रेनिटाने पेन खाली ठेवले. "मिस झिपोरा, यावर कोर्टात औषध नाही."

मी चिठ्ठी पाठवली. फक्त जमिनीबद्दल. ओझेला दुसऱ्याच दिवशी आली, वय वर्षे ब्याऐंशी, स्वतः गाडी चालवत. दार तिने वाजवले नाही. काखेत पिठाच्या पोत्यात गुंडाळलेला तवा होता.

"ओव्हन लाव," ती म्हणाली. "उपाशीपोटी मला वकिली ऐकायची नाही."

तिने तव्यात चमचाभर चरबी टाकून तो ओव्हनमध्ये तापत ठेवला. भरड चाळली, ताक ओतले, अंडे फोडले. मोजले काहीच नाही. मी जमिनीचे सांगत होते, डेमेट्रियसचे, लाकूड कंपनीचे. ती ऐकत होती. तवा धुरावर आल्यावर बाहेर काढून तिने पीठ ओतले तेव्हा कडेने असा चर्र आवाज आला की मी बोलायची थांबले.

"हां," ओझेला म्हणाली. "तुला गप्प करणारं एवढंच आहे जगात."

"तू तो का नेलास?" मी विचारले. तीस वर्षांनी, अखेर, सरळ.

"तू बुडवलास म्हणून."

"काय?"

"अंत्यविधीच्या दिवशी. तू माँटगोमेरीच्या सभेहून आलीस, सगळं आटपल्यावर. रडवेली झाली होतीस, काहीतरी काम हवं होतं तुला. भांड्यांचा टब साबणाच्या पाण्यानं भरलास आणि दिसेल ते आत टाकलंस. ताटं, पेले, तवा. मग पडवीत लोक जमले, तुला बोलायला बोलावलं, आणि तू गेलीस. बोललीस छान. सगळे रडले. तवा रात्रभर साबणात. सकाळी मी काढला तेव्हा लाल झाला होता, झिप. गंजून लाल."

मी खुर्ची ओढून बसले.

"घरी नेला. वाळू लावून घासला, चरबी चोळली, भाजला. परत चोळली, परत भाजला. तीन आठवडे. मग पहिला पाव न चिकटता सुटून आला."

"मला का नाही सांगितलंस?"

"आई चौदा महिने अंथरुणाला होती. त्यात तू चार वेळा आलीस. चारही वेळा तिनं विचारलं, झिपचं भाषण कसं झालं? तिला तुझा केवढा अभिमान! आता तुला काय सांगू, की तू आईला भेटायला उशिरा आलीस आणि येऊन तिचा तवा पण नासवलास?"

"चर्चमध्ये तरी बोलायचंस! तिथंच!"

"तुझ्यापुढे? माईकपुढे?" ती हसली. "माझं आठवीपर्यंत शिक्षण, बाई."

तिने तवा ताटावर पालथा घातला. पाव अख्खा, एका तुकड्यात, तांबूस कडेसह खाली आला. आम्ही तो घेवड्याच्या उसळीशी खाल्ला, उरलेला ताकात कुस्करून. मग मी विश्वस्त मंडळाचा कागद पुढे केला. तिने चष्मा लावून सगळा वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"जिथं म्हणालीस, तिथं मागं घे. मग सही."

"ओझेला, मी आत्ता तुझी माफी मागते."

"आत्ता इथं कोण आहे? मी आणि शेगडी. मला चोर अडीचशे जणांनी समजलंय."

सात आठवडे मी त्या भाषणाचे मसुदे केले. अठरा झाले. प्रत्येकात मी चांगली दिसत होते. ते सगळे फाडले.

याच वर्षी, ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, मी उभी राहिले. मी म्हणाले, "एकोणीस वर्षांपूर्वी याच जागेवरून मी माझ्या बहिणीला चोर म्हटले. ते खोटे होते. आईचा तवा मी साबणात बुडवून गंजवला आणि तिने तो वाचवला. आईचे चौदा महिने तिने केले, मी केले नाहीत. तव्याचे मला यंदाच कळले, पण हे चौदा महिने मला त्या दिवशीही ठाऊक होते. ते मी तुम्हाला सांगितले नाही, कारण मला ते सोयीचे नव्हते."

पंख्यांचा आवाज येत होता. मग अगदी मागच्या बाकावरून ओझेलाचा आवाज आला:

"मागं ऐकू येत नाही, झिप."

मी आयुष्यात कधी माईक धरला नाही. माझा आवाज रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर जातो, हे ती जाणून होती. मी सगळे पुन्हा म्हणाले. शब्द न शब्द. दुसऱ्यांदा ते जास्त जड गेले.

सोमवारी सकाळी साडेनऊला तिने रेनिटाच्या कचेरीत सही केली. डेमेट्रियसला फोनवर तिने एवढेच सांगितले, "बेबी, थँक्सगिव्हिंगला ये. कागद आणू नकोस, भूक आण."

म्हणून मी असे जाहीर करते:

(अ) चोवीस एकर जमीन व घर आता हॅरल कुटुंबाच्या विश्वस्त मंडळाचे आहे. ते विकता, तोडता किंवा गहाण टाकता येणार नाही. दोघींच्या वंशातील ज्याला जगात कुठेही थारा नसेल त्याला तिथे राहण्याचा हक्क आहे. डेमेट्रियसलाही.

(आ) तव्यावर माझा कोणताही हक्क नाही आणि कधीही नव्हता. तो ओझेलाचा आहे. तिने तो कोणाला द्यावा हे तिने लिहून ठेवावे. मी तिला कोरा कागद आणि पेन नेऊन दिले आहे. ती म्हणते, बघू. ती हे लांबणीवर टाकेल असे दिसल्यास व्हर्नेलने तिच्या मागे लागावे.

कलम ६. माझी शिवणाची कात्री, दिवाणखान्यातले घड्याळ आणि बाकीचे सर्व सामान व्हर्नेलचे. घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे. मी मुद्दामच तसे ठेवले आहे.

कलम ७. माझा अंत्यविधी. गाणी भरपूर व्हावीत. पाद्र्यांना सात मिनिटे, शाळेतर्फे पाच, संघटनांतर्फे सर्वांना मिळून पाच. माझी जुनी भाषणे वाचून दाखवू नयेत, ती मी उभी राहून करण्यासाठी लिहिली होती. ओझेला हयात असेल तर शेवटी तिने बोलावे. तिला वेळेची मर्यादा नाही. ती माझ्याबद्दल काय बोलेल हे मला ठाऊक नाही आणि मी विचारलेले नाही. बरेवाईट जे बोलायचे ते तिने माईकसमोर, सगळ्यांदेखत बोलावे. व्हर्नेल किंवा इतर कोणीही तिला मध्ये थांबवू नये, तिचे म्हणणे खोडू नये, आणि तिच्यानंतर कोणी एक शब्दही बोलू नये. तिचे संपले की शवपेटीचे झाकण बंद करावे.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. तो माझाच आहे आणि त्यातील एकही ओळ मला बदलायची नाही.

सही: झिपोरा हॅरल टॉलिव्हर

साक्षीदारांचे निवेदन: आम्ही खाली सही करणार, झिपोरा टॉलिव्हर यांनी हे आमच्यासमोर मोठ्याने वाचले व आमच्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या. यात आम्हा दोघांना काहीही मिळालेले नाही. तसे आम्ही विचारूनही पाहिले होते.

साक्षीदार १: अल्बर्टा लॉसन, शिवणकाम, शायलो क्रीक
साक्षीदार २: कॅल्विन डोझियर, निवृत्त पोस्टमन, शायलो क्रीक

ठिकाण: शायलो क्रीक, अलाबामा
दिनांक: २२ सप्टेंबर २०११