तव्याची पाठ

॥ श्री ॥
नवागाम, सुरत
९ जून २०२४

चि. सौ. उज्ज्वलास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन असताना ताई पत्र लिहीत बसली म्हणून हसशील. आमची एकच खोली. फोनवर बोललेलं सगळं मायच्या कानावर जातं, आणि हे तिने ऐकायला नको. तिचं डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. समोरच्या गॅलरीत वाळणाऱ्या साड्यांचे रंगसुद्धा सांगते आता. पण जेवत नाही गं. अर्धी भाकर चावत बसते आणि ताट सारते. काल शेजारच्या सरलाबाईंना म्हणाली, की उज्जीकडे बिडाच्या तव्यावरची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर खायची सवय झाली, ही नॉनस्टिकची नुसती तोंडात फिरते. सरलाबाई माझ्याकडे बघून हसल्या. मी भांडी घासायचं निमित्त काढून मोरीत जाऊन बसले.

खरं लिहू? जळफळाट होतो माझा. मोठी मी. पंचवीस वर्षांपूर्वी लग्नात मला स्टीलची भांडी दिली, त्यातलं एक झाकण उरलंय. नॉनस्टिकचे तीन तवे पापुद्रे निघून भंगारात गेले. तुझ्याकडचा बिडाचा तवा आहे तसाच आहे, आणि माय त्याचं नाव काढल्याशिवाय घास उचलत नाही. माझ्या वेळी तो तवा कुणाला आठवला नाही का गं? आता तरी पाठव. माय चार घास खाईल.

तुझे दाजी बरे आहेत, लूमवरचं काम चालू आहे. नवी सून योगिता शिकतेय हळूहळू. वाल्मिकरावांना नमस्कार. ताईवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
उषाताई

॥ श्री ॥
अमळनेर
१८ जून २०२४

ती. ताईस, उज्ज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, आणि दोन्हीदा भाजी करपली.

मायला डोळ्यासाठी पंधरा दिवस नेते म्हणालीस. दीड महिना झाला. आता तवाही हवा. माय तुझ्याकडे, तवा तुझ्याकडे, मग मी इथे रिकाम्या शेगडीची पूजा करू?

आणि तुला वाटतं माय इथे माझे गोडवे गात होती? नऊ वर्षं माझ्या हातचं खाऊन तिने तुझंच नाव घेतलं. उषीने सुरतेची साडी पाठवली, उषीचा हात हलका, उषी असती तर पापड असे फाटले नसते. मीही मोरीत जाऊन बसले आहे, ताई. आमची मोरी तुमच्याहून मोठी आहे, एवढंच.

तवा मिळणार नाही. मायला पाठव, ती इथे पोटभर जेवेल. हे म्हणतात, बहिणी बहिणी भांडा, मला मध्ये घेऊ नका. दाजींना नमस्कार, योगिताला आशीर्वाद. रागावलीस तरी चालेल, अबोला मात्र धरू नकोस.

तुझी,
उज्ज्वला

॥ श्री ॥
नवागाम, सुरत
३० जून २०२४

चि. सौ. उज्ज्वलास अनेक आशीर्वाद.

दिंडोलीच्या बाजारातून नवा बिडाचा तवा आणला. म्हटलं, तुझी मिनतवारी कशाला? पहिली भाकर अशी चिकटली की उलथन्याने खरवडून काढली. चार दिवसांत तव्याला गंज आला. मायने तव्याकडे एकदा बघून ताट सारलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिच्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकतात. तिला परत पाठवायची माझी छाती होत नाही. अशी वाळलेली माय तुझ्या दारात उतरली, तर उषीने दोन महिने उपाशी ठेवली असं सगळी गल्ली म्हणेल, आणि तूही म्हणशील. ती इथे भरली, की मी स्वतः आणून सोडते. तेवढ्यापुरता तरी तवा दे. पदर पसरते, असं समज.

तुझी,
उषाताई

॥ श्री ॥
अमळनेर
८ जुलै २०२४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

बांगड्यांचं वाचलं आणि जेवणावरून उठले. गल्लीतला उखा सुरतेला त्याच्या भावाकडे येतोय. त्याच्याजवळ तवा देते आहे, जुन्या लुगड्यात बांधून. पाय लावू नको म्हणून बजावलं आहे.

नीट ऐक. साबण लावायचा नाही. तापलेल्यावर पाणी टाकायचं नाही, तडकेल. भाकरी झाल्या की फडक्याने पुसायचा आणि तेलाचा बोळा फिरवायचा. पाठीला तर हातही लावू नकोस. काजळी आहे तशी राहू दे. का, ते विचारू नकोस.

माय भरली की आणून सोडेन असं तू लिहिलं आहेस. तो कागद मी जपून ठेवला आहे.

तुझी,
उज्ज्वला

॥ श्री ॥
नवागाम, सुरत
२४ जुलै २०२४

चि. सौ. उज्ज्वलास अनेक आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. तवा आला त्या दिवशी मी मायला दवाखान्यात दाखवायला घेऊन गेले होते. योगिता इथेच वाढलेली पोर, तुझ्या सूचना तिला सांगायच्या राहिल्या होत्या. माझ्या माहेरचं भांडं म्हणून तिने दुपारभर तार आणि पावडर लावून तो घासला, पुढून आणि मागून. आम्ही आलो तर पांढराफटक तवा ओट्यावर उभा, आणि ही शाबासकीची वाट बघत उभी. मी तवा हातात घेऊन उलटा केला. पाठीवर, कानाशी, ठिपक्याठिपक्यांनी टोचलेलं नाव होतं. उषा.

मायला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, की तुझ्या लग्नासाठीच अण्णांनी नाव घालून आणला होता, तूच म्हणालीस हे काळं धूड मी सुरतेला नेणार नाही, लोक हसतील. मला काही म्हणजे काही आठवत नाही, उज्जे. पण माय खोटं बोलत नाही. वाक्यही माझंच वाटतं.

इतकी वर्षं मी तुझ्यावर जळले, ते मीच लाथाडलेल्या तव्यासाठी. तेल-कांदा चोळून तवा आता पुन्हा काळा व्हायला लागलाय. कालची भाकर सुटली. मायने अख्खी खाल्ली आणि दुसरी मागितली. हे वाचून तुला काय वाटेल ते वाटो. मला क्षमा कर.

तुझी,
उषाताई

॥ श्री ॥
अमळनेर
२ ऑगस्ट २०२४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

योगिताला रागावू नकोस. तिने घासलं ते कधीतरी निघणारच होतं.

मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सासरी पोचल्यावर गाठोडं सोडलं, तवा उलटा केला आणि तुझं नाव दिसलं. तुझे फ्रॉक, तुझी पुस्तकं, तुझं दप्तर वापरून मी मोठी झाले. वाटलं होतं, लग्नात तरी काहीतरी माझं म्हणून मिळेल. सासूबाईंनी नाव वाचू नये म्हणून मी एकोणीस वर्षं पाठ घासली नाही. लोक म्हणायचे, उज्ज्वला तवा किती जपते. मी तवा जपत नव्हते. तुझं नाव झाकत होते.

आता तवा ठेव. तुझाच आहे, लिहिलेलंच आहे त्यावर. मी दुसरा आणला आहे. चिकटतो, गंजतो, होईल हळूहळू. त्याच्या पाठीवर माझं नाव घालून घेतलं.

माय दुसरी भाकर मागते, म्हणजे भरली. तिला आणून सोड. तिच्यावर कुणाचं नाव घातलेलं नाही.

लोभ आहे. किती, ते मायला घेऊन आलीस की बघ.

तुझी,
उज्ज्वला